घरबसल्या संशोधन आणि हाताच्या मुंग्या

मागच्या पावसाळ्यात देवणीजवळच्या एका खेड्यातून एक तरुण तपासायला आला. वय एकतीस-बत्तीस. सोबत वडील होते. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात, त्यामुळे रात्री दोन-तीनदा जाग येते, हात झटकला की जरा बरे वाटते, परवा हातातून चहाचा कप निसटला, अशी त्याची तक्रार होती. वडिलांच्या मनात एकच भीती होती. "डाक्टरसाहेब, लकवा तर न्हाई न्हवं? आमच्या भावकीत एकाला झालाय."

काम काय करता, असे विचारल्यावर मुलगा जरा अडखळला. वडिलांनीच उत्तर दिले. "काय की बगा. दिसभर खोलीत बसतंय, कम्प्युटरवर जुने कागद बघतंय. महिन्याला पैसे येतेत, पर काम काय करतंय ते आमाला बी सांगता येईना. लोक इचारतेत, पोरगं रिकामंच हाय का म्हणून."

तो मुलगा आर्थिक इतिहासाचा अभ्यासक निघाला. परदेशातल्या एका विद्यापीठातील प्राध्यापकांसाठी तो घरी बसून काम करतो. त्याच्या परवानगीने, नाव-गाव न सांगता, त्याच्या दुखण्याची हकीकत इथे देत आहे. याचे कारण, आता आपल्या भागातही घरबसल्या काम करणारी मुले-मुली बरीच झाली आहेत. कोणी हिशेब लिहितो, कोणी शिकवण्या घेतो, कोणी भाषांतर करतो. दुखणी साऱ्यांची सारखीच आहेत.

आधी हे काम काय आहे ते समजून घेऊ. दुखण्याचे मूळ कामातच आहे. शाळेत आपण लढायांचा इतिहास शिकलो. आपल्या शेजारची उदगीरची १७६० सालची लढाई सर्वांना ठाऊक असते. पण एखाद्या साली ज्वारी काय भावाने विकली गेली, देवणी बैलजोडीला किती पडले, सालगड्याला वर्षाचे काय मिळाले, सावकाराने किती व्याज लावले, दुष्काळात जमीन कोणी विकली आणि कोणी घेतली, हाही इतिहासच आहे. तो जुन्या हिशेबाच्या वह्यांत, महसुलाच्या दप्तरांत आणि खरेदीखतांत असतो. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी दप्तर उर्दूत आणि गावातले बरेचसे लिखाण मोडीत. पैसा हाली शिक्क्याचा, म्हणजे साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार. साल फसली, त्यात ५९० मिळवावे तेव्हा इसवी सन जमतो. माप पायली आणि शेराचे. अशा कागदांच्या फोटोंवरून एकेक आकडा वाचायचा, त्याची कलदारात आणि किलोत फोड करायची आणि तक्त्यात भरायचा, असे त्या मुलाचे काम. एक आकडा चुकला तर त्या वर्षाचा दुष्काळ सुकाळ होऊन बसतो, असे तो हसत म्हणाला. पण रोज आठ-नऊ तास या धास्तीत बसणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही.

आता मुंग्यांबद्दल. लकवा, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन किंवा ती फुटून होणारा आजार, एकाएकी होतो. तोंड वाकडे होते, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो, बोलणे बोबडे होते. असे झाले तर तेल चोळत बसू नये. त्याच क्षणी १०८ ची गाडी बोलवावी आणि जिथे डोक्याचा सीटी स्कॅन होतो अशा मोठ्या रुग्णालयात जावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. या मुलाचे तसे काही नव्हते. त्याच्या मुंग्या अंगठा, तर्जनी आणि मधले बोट या तीन बोटांत होत्या. करंगळी मोकळी होती. दुखणे रात्री वाढायचे आणि हात झटकला की कमी व्हायचे. एवढ्यावरूनच निम्मे निदान होते.

आपल्या मनगटात तळहाताच्या बाजूने एक अरुंद बोगदा आहे. खाली हाडे आणि वर एक घट्ट पट्टा. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. मनगट तासन् तास वाकलेल्या स्थितीत राहिले, दोऱ्यांभोवतीचे आवरण सुजले, की जागा कमी पडते आणि नस दाबली जाते. ही नस अंगठ्याकडच्या साडेतीन बोटांची आहे, म्हणून मुंग्या तिथेच येतात. झोपेत आपण मनगट दुमडून ठेवतो, त्यामुळे त्रास रात्री वाढतो. नुसत्या टायपिंगने हे होते का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. लाटणे, दळणे, धुणे, दूध काढणे अशा जोराच्या कामांनी तर ते होतेच. गरोदर बायकांना, मधुमेह किंवा थायरॉईडचा विकार असणाऱ्यांनाही होते. पण आधीच नाजूक झालेली नस आणि त्यावर वाकड्या मनगटाने दिवसभर माऊस फिरवणे, एवढे पुरते.

नस नाजूक का झाली, हे रक्त तपासल्यावर कळले. घर माळकरी, मांसाहार नाही, अंडे नाही. मुलगा घरी असूनही दूध-दही सोडून चहावर राहत होता. ब-१२ जीवनसत्त्व फार खाली गेले होते. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. ते दुधातून थोडे आणि मांस, मासे, अंड्यांतून जास्त मिळते. आपल्याकडे शाकाहारी घरांत ते कमी असणे फार आढळते. हातापायाला मुंग्या, थकवा, विसराळूपणा, जीभ लाल होणे ही त्याची लक्षणे. साखर आणि थायरॉईड मात्र ठीक निघाले. ब-१२ ची इंजेक्शने दिली. रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा दीड महिना बांधायला सांगितला. तो औषधाच्या दुकानात मिळतो. फार वळकट्या करून कापड आवळू नये, त्याने नस आणखी दाबते.

ज्यांच्या अंगठ्याखालची गादी सुकू लागली आहे, वस्तू वरचेवर निसटतात, किंवा मुंग्या दिवसरात्र राहतात, त्यांनी थांबू नये. त्यांना मनगटात इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया लागते, आणि उशीर झाला तर गेलेली ताकद परत येत नाही. मुंग्या करंगळीत असतील, मानेतून दंडात कळ येत असेल, चालताना पाय लटपटत असतील किंवा लघवीवर ताबा राहत नसेल तर दुखणे मनगटात नाही, मणक्याकडे पाहावे लागते.

हे दुखणे कॉम्प्युटरबरोबर आले असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. इटलीतील रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामधंद्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि १७१३ च्या आवृत्तीत लेखनिक आणि कारकुनांच्या दुखण्यांची भर घातली. सतत बसणे, हात एकाच पद्धतीने चालवत राहणे, आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनाला लागलेला ताण ही तीन कारणे त्याने सांगितली. आमच्या तरुणाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मी ज्याच्या वह्या वाचतो त्या कारकुनालाही हेच झालं असेल." झालेच असणार. पण त्या कारकुनाला कचेरीत पायी जावे लागे.

इथे खरी गोम आहे. इतिहासाचे काम हे मुळात बैठे काम नव्हतेच. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यावरचे रुमाल सोडवत, आणि त्यातूनच 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचे खंड निघाले. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी सरकारी नोकरीत जिथे नेमणूक होई तिथल्या लोकांत मिसळत. आदिलाबादकडे असताना त्यांनी गोंडी आणि कोलामी भाषा आत्मसात केल्या. दामोदर धर्मानंद कोसंबी तर गणितज्ञ, नोकरी मुंबईला आणि घर पुण्याला. त्यांनी प्राचीन नाणी हजारोंनी तोलून, झिजेवरून ती किती काळ बाजारात फिरली याचा हिशेब मांडला. ते बैठे काम झाले. पण तेच कोसंबी पुण्याच्या टेकड्यांवर पायी फिरत, धनगरांना त्यांच्या मेंढरांच्या वाटा विचारत, आणि त्यावरून जुने व्यापारी रस्ते कुठून जात असतील याचा विचार करत. या मंडळींच्या कामातच चालणे, ऊन आणि माणसे होती. वेगळा व्यायाम कशाला लागतो?

घरबसल्या कामात या तिन्ही गोष्टी गळून पडल्या. कागद हैदराबादचे, प्राध्यापक परदेशातले आणि अभ्यासक देवणीचा. पूर्वी त्या दप्तरासाठी महिनोन्महिने घर सोडून राहावे लागे, खर्च परवडत नसे. गरिबाच्या मुलाला हे संशोधन दारात आले ही चांगलीच गोष्ट आहे. तो मुलगा घरी राहून आई-वडिलांना बघतो, त्याच्या पैशातून बहिणीचे शिक्षण चालले आहे. काम सोड असे मी त्याला मुळीच सांगितले नाही. काही डॉक्टर असे चटकन सांगतात. सांगायला सोपे असते.

बसून राहण्याने काय होते, याचा एक नामी दाखला आहे. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसच्या चालकांची आणि कंडक्टरांची तुलना १९५३ साली प्रसिद्ध केली. बस तीच, पगारही जवळपास सारखा. पण दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला. पुढे असेही दिसून आले की चालक मंडळी नोकरीला लागतानाच जरा जाड होती, म्हणजे सारे श्रेय जिन्याला देता येत नाही. तरी त्यानंतर झालेल्या पुष्कळ अभ्यासांनी मूळ मुद्दा पक्का केला आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, भरभर चालायला सांगते. शिवाय दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटे उठावे. जेवल्यावर दहा मिनिटे चालले तर रक्तातली साखर कमी चढते, आणि आपल्या लोकांना तर अंग बारीक असतानाही पोटावर चरबी साठून मधुमेह होतो. "मी कुठे जाड आहे?" असे म्हणून सुटका नाही. कंबर मोजावी. पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली की सावध व्हावे.

शेतात जाऊन येतो तेवढे पुरे, असे वडील म्हणत होते. मुलाला विचारले, शेतात शेवटचा कधी गेलास? दोघेही गप्प.

बसण्याची पद्धत हा पुढचा मुद्दा. तो मुलगा पलंगावर मांडी घालून, लॅपटॉप उशीवर ठेवून काम करीत असे. लॅपटॉपची अडचण अशी की पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले. हात नीट ठेवावेत तर मान खाली वाकते, मान सरळ ठेवावी तर हात वर टांगतात. यावर उपाय स्वस्त आहे. चार जाड पुस्तकांवर लॅपटॉप ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी आणि कळफलक वेगळा घ्यावा. कोपर काटकोनात, मनगट सरळ, पाय जमिनीला टेकलेले. घरात खुर्ची-टेबल नसेल तर जुन्या पेढीवरच्या मुनीमजींचे उतरते डेस्क आठवावे. मांडी घालून बसत, पण कागद तिरका वर आणत आणि पाठीला लोड असे. फक्त तेच आसन दिवसभर ठेवू नये. कोणतेही आसन तीन तासांनी वाईटच.

डोळ्यांची तक्रारही होतीच. आग होणे, पाणी येणे, संध्याकाळी धूसर दिसणे. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटते, पडद्याकडे रोखून पाहताना ते प्रमाण निम्म्यावर येते. बुबुळावरचा ओलावा वाळतो, म्हणून आग होते. त्यात टेबलफॅनचा वारा थेट तोंडावर. पंखा पायाकडे वळवावा, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूर, समोरच्या लिंबाच्या झाडाकडे म्हणा, पाहावे आणि मुद्दाम पापण्या मिटाव्यात. पुसट मोडी अक्षर डोळे बारीक करून वाचण्यापेक्षा फोटो मोठा करावा. फोटोवर काम करण्याचा तोच तर फायदा आहे! चाळिशीचा चष्मा लागला असेल तर लाजू नये. एक मात्र कळकळीने सांगतो. डोळे लाल झाले म्हणून दुकानातून मनाने थेंब आणू नयेत. त्यांतल्या काहींत स्टेरॉईड असते. चार दिवस छान वाटते, आणि महिनोन्महिने वापरले तर काचबिंदू होऊन नजर कायमची जाऊ शकते.

काही जण घरातले किंवा पाहुण्यांकडचे जुने कागदही सोडून बघतात. त्या धुळीत बुरशी असते आणि वाळवीसाठी कधीकाळी टाकलेली पावडरही असते. ती कोणती हे आता कोणालाच ठाऊक नसते. दमेकऱ्यांनी तर हे काम घरात करूच नये. इतरांनी नाकावर मास्क, हातात मोजे घालून, अंगणात, जेवणापूर्वी नव्हे, आणि नंतर साबणाने हात धुवून.

झोपेचा प्रश्न जास्त बिकट होता. न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ होतात. तिथल्या दुपारच्या बैठका आपल्या मध्यरात्री येतात. शिवाय दिवसा लाईट जाते, म्हणून उरलेले काम रात्री. जागरणासाठी चहा. मग सकाळी दहाला उठणे आणि अंगावर ऊन म्हणून पडत नाही. झोपेचे गाडे रुळावर आणायचे तर झोपण्याच्या वेळेपेक्षा उठण्याची वेळ आधी पक्की करावी, उठल्यावर उजेडात यावे आणि दुपारी तीननंतर चहा घेऊ नये. पण बैठकच रात्री बारा वाजता असेल तर हे सारे सल्ले व्यर्थ. प्राध्यापकांना सांगितलेस का, असे विचारले. नाही म्हणाला. दुखण्याचेही सांगितले नव्हते. "साहेब, हे काम कराराचं आहे. आजारी म्हटलं की दुसऱ्याला देतील."

या वाक्याने मला त्याच्या बोटांपेक्षा जास्त काळजी वाटली. कचेरीत काम करणाऱ्याला रजा असते, शेजारच्या टेबलावरचा माणूस "काय रे, बरं नाही का?" म्हणून विचारतो. या मुलाला विचारणारे कोणी नव्हते. घरच्यांना काम समजत नाही आणि ज्यांना समजते ते हजारो मैलांवर. गावात त्याला रिकामटेकडा समजत, म्हणून तो पारावर जाईनासा झाला होता. जेवण कमी, बोलणे कमी, आवडीच्या कामातही रस उरला नव्हता. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन असे उदास राहिले, झोप-भूक उडाली, जगण्यात अर्थ वाटेनासा झाला, तर तो आळस नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येते. जीव देण्याचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणावे. सुदैवाने आमच्या तरुणाचे प्रकरण तिथवर गेले नव्हते.

मी त्याला दोन गोष्टी करायला लावल्या. पहिली, प्राध्यापकांना पत्र लिहून दुखणे आणि बैठकीची वेळ, दोन्ही स्पष्ट कळवायचे. दुसरी गोष्ट ऐकून तो हसला. रोज संध्याकाळी तासभर चालत जाऊन गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला गाठायचे आणि जुने भाव विचारायचे. बैलजोडी कितीला होती, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीसारख्या कामावर किती मजुरी मिळाली, हाली रुपया कधी बंद झाला. देवणी गोवंशाची वानेरा, बालंक्या, शेवेरा ही नावे आपल्याकडे म्हाताऱ्या शेतकऱ्यांना तोंडपाठ असतात. कोणत्या रंगाच्या बैलाला बाजारात जास्त मोल होते, हे कुठल्या दप्तरात सापडेल?

दीड महिन्याने तो एकटाच आला. रात्रीच्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या होत्या, पकड सुधारली होती. प्राध्यापकांनी बैठक आपल्या संध्याकाळी सातवर आणली, आणि आधी का सांगितले नाही म्हणून उलट रागावले. ब-१२ ची इंजेक्शने संपली आहेत, आता गोळी आणि रोज दोन वाट्या दही चालू आहे. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचे आहे. डोळे अजून कुरकुरतात, कारण पंखा त्याने पायाकडे वळवलेला नाही. उकाडा सहन होत नाही म्हणतो.

वडिलांनी निरोप पाठवला होता. सध्या घरी संध्याकाळचा चहा उशिरा होतो, कारण मुलगा शेजारच्या आज्यांकडे जाऊन बसतो, आणि कालच्या भावावरून त्या दोघांचे भांडण झाले. आज्यांच्या मते वहीतला ज्वारीचा आकडा चुकीचा आहे.